‘अ’ कुठे गळतो हे शाळेने शिकवावे

मराठी जशी लिहितात तशीच वाचतात, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. इंग्रजीच्या स्पेलिंगचा विषय निघाला की ते विशेष अभिमानाने सांगितले जाते. देवनागरीची मांडणी उच्चारस्थानांना धरून केलेली आहे यात शंका नाही. तरीही वर्णमालेतल्या पहिल्याच स्वरापाशी हे विधान लंगडे पडते. ‘घर’ या शब्दात लिपीच्या हिशेबाने दोन ‘अ’ आहेत आणि आपण उच्चारतो एक. ‘सरकार’मध्ये तीन आहेत, त्यांतला एकच तोंडातून बाहेर पडतो. ‘कागदावर’ या शब्दाचीही तीच गत. लिपीत कसलाही बदल न करता, हा ‘अ’ कुठे उच्चारायचा आणि कुठे गाळायचा हे प्राथमिक शाळेत उघडपणे शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज आपण ही गोष्ट मुलाच्या कानावर सोडून देतो, आणि ज्या मुलाचा कान मराठी घरात तयार झालेला नाही त्याला वाऱ्यावर सोडतो.

हा स्वर इतक्या सहज गळून का पडतो, हे त्याच्या घडणीत दडलेले आहे. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे सरकून टाळूकडे उचलली जाते, ‘ऊ’ म्हणताना ती मागे जाते आणि ओठांचा चंबू होतो, ‘आ’ म्हणताना जबडा खाली येतो. ‘अ’ म्हणताना यांपैकी काहीच होत नाही. जीभ तोंडाच्या मध्यभागी, ना वर ना खाली, ओठ सैल, जबडा किंचित उघडा. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी अशा वेळी जवळजवळ सारख्या रुंदीच्या नळीसारखी असते. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत ही नळी सुमारे १७ सेंटीमीटर लांब असते, आणि एका बाजूने बंद असलेल्या तेवढ्या लांबीच्या नळीत साधारणपणे ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झ या कंपनसंख्यांना घुमारा मिळतो. ध्वनिशास्त्रात या समान अंतराच्या घुमाऱ्यांचा स्वर तटस्थ स्वर मानला जातो. त्याला कमीत कमी श्रम लागतात, तो कमीत कमी वेळ टिकतो आणि शेजारच्या व्यंजनांच्या ओढीने पटकन झाकला जातो. जगातल्या अनेक भाषांमध्ये दुबळ्या जागी सापडलेला कोणताही स्वर झिजत झिजत याच स्वरापर्यंत येतो आणि पुढे नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्यासाठी रोमन ‘ई’ हे अक्षर उलटे करून वापरतात, आणि हिब्रू लेखनातल्या एका खुणेवरून त्याला ‘श्वा’ म्हणतात.

आपल्याकडच्या वैयाकरणांना ‘अ’चे हे वेगळेपण पूर्ण ठाऊक होते. ‘आ’ म्हणजे ताणलेला ‘अ’, असे आपण शाळेत शिकतो; पण पाणिनीच्या काळीही ते तसे नव्हते. ऱ्हस्व ‘अ’ हा संवृत, म्हणजे तोंड आवळून उच्चारला जाणारा, आणि ‘आ’ विवृत, म्हणजे उघडा, असा भेद तेव्हा बोलण्यात होता. व्याकरणाच्या सोयीसाठी मात्र दोघांना सवर्ण, म्हणजे एकाच स्वराची दोन रूपे, मानणे भाग होते, नाहीतर संधीचे नियम विनाकारण वाढले असते. म्हणून पाणिनीने जवळजवळ चार हजार सूत्रांमध्ये ‘अ’ला विवृत धरून काम चालवले आणि अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात त्याला त्याचा खरा उच्चार परत दिला. ते सूत्र दोनच अक्षरांचे आहे: ‘अ अ’. शास्त्रासाठी जो ‘अ’ विवृत मानला तो प्रत्यक्ष उच्चारात संवृतच आहे, एवढाच त्याचा अर्थ. लेखी व्यवस्था आणि तोंडचा उच्चार यांत अंतर असू शकते आणि ते अंतर नोंदवले पाहिजे, ही जाणीव या परंपरेत अशी मुळापासून आहे. परंपरेचा दाखला देऊन ‘आमच्या लिपीत असा फरकच नसतो’ म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे सूत्र जरूर आठवावे.

इतर भाषांनी या स्वराचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत तो सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे, पण त्याला स्वतःचे अक्षर नाही. ‘बनाना’ या शब्दात रोमन ‘ए’ तीन वेळा येतो, आणि मधल्या जागी आघात असल्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या जागी हा तटस्थ स्वर उरतो. रुमानियनमध्ये उलट प्रकार आहे. तिथे त्याला डोक्यावर चंद्रकोर असलेले वेगळे अक्षर आहे आणि त्यावर आघातही पडू शकतो. इतकेच काय, त्याच्यावर अर्थ अवलंबून असतो: शब्दाच्या शेवटी हा स्वर असला तर ‘कास’ म्हणजे कोणतेतरी एक घर, आणि ‘आ’ आला तर ‘कासा’ म्हणजे ते विशिष्ट घर.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा नमुना फ्रेंचचा आहे. फ्रेंचमध्ये शनिवारला ‘सामदी’ म्हणतात. लेखनात मधल्या ‘म’ला एक दुबळा स्वर जोडलेला आहे, बोलण्यात तो गळतो. शुक्रवारच्या ‘वांद्रदी’ या शब्दात मात्र तोच स्वर टिकतो, कारण तो गाळला तर तीन व्यंजने एकमेकांवर आदळतील. फ्रेंच ध्वनिशास्त्रात ‘तीन व्यंजनांचा नियम’ म्हणून ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आता ‘माकडे’ आणि ‘पुस्तके’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘माकडे’चा उच्चार आपण ‘माक्डे’ असा करतो, पण ‘पुस्तके’मधल्या ‘त’चा ‘अ’ सोडत नाही, कारण सोडला तर ‘स्’, ‘त्’, ‘क्’ यांची गर्दी होते. पॅरिसमधल्या आणि पुण्यातल्या माणसाची जीभ इथे एकाच न्यायाने चालते. फरक एवढाच की परभाषकांना फ्रेंच शिकवताना हा नियम सांगितला जातो, आणि मराठी शिकवताना आपण ‘ऐकून ऐकून येईल’ म्हणतो.

भारतातच एका अक्षराचे किती उच्चार आहेत, ते पाहिले म्हणजे प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप स्पष्ट होते. ‘घर’ हा शब्द बंगालीत ‘घॉर्’ असा उच्चारतात, म्हणजे अंगभूत स्वर गोल ओठांचा आणि अखेरचा गळालेला. ओडियात तो ‘घॉरॉ’ होतो. तिथे शेवटचा स्वर टिकतो. हिंदी, गुजराती आणि मराठीत ‘घर्’. कन्नड आणि तेलुगूमध्ये अक्षराला स्वराची खूण नसेल तर त्यातला ‘अ’ पूर्ण उच्चारायचा, अशी सवय असते. तमिळमध्ये निःस्वर व्यंजनावर ठिपका देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका उरत नाही. नेपाळीची लिपी आपलीच, पण तिथे ‘गर’ म्हणजे ‘कर’ या आज्ञार्थात शेवटचा ‘अ’ ऐकू येतो आणि ‘गर्छन्’सारख्या क्रियापदात न उच्चारायच्या अक्षराचा पाय मोडून लिहितात. आपण पाय मोडत नाही. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी तर ‘अर्थात’, ‘क्वचित’, ‘विद्वान’ हे संस्कृतातून पाय मोडून आलेले शब्दसुद्धा मराठीत पाय न मोडता लिहायला सांगितले आहे. हा निर्णय योग्यच होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी की वाचणारा मराठीभाषक आहे आणि शेवटचा ‘अ’ म्हणायचा नसतो हे त्याला आईच्या मांडीवरच कळलेले आहे.

शेवटचा ‘अ’ गाळायचा एवढेच असते तर एका वाक्यात काम भागले असते. खरी गुंतागुंत शब्दाच्या मध्यभागी आहे. ‘आठवण’ आणि ‘आठवणे’ हे दोन शब्द घ्या. दोन्हींत आ, ठ, व, ण याच क्रमाने येतात. ‘आठवण’ म्हणताना आपण ‘ठ’मधला ‘अ’ सोडतो आणि ‘व’मधला ठेवतो: आठ्वण्. ‘आठवणे’ म्हणताना नेमके उलट करतो: आठव्णे. शेवटाला ‘ए’ जोडला गेला की आतल्या दोन अक्षरांची भूमिका बदलते. ‘शिकवण’ आणि ‘शिकवणे’, ‘साठवण’ आणि ‘साठवणे’ यांचेही तसेच. नियम ढोबळमानाने असा आहे: शब्द उजवीकडून डावीकडे तपासत यावे, अखेरचा ‘अ’ गाळावा, मग ज्या ‘अ’च्या दोन्ही बाजूंना एकेकच व्यंजन आणि त्यांच्यापलीकडे उच्चारला जाणारा स्वर आहे तो गाळावा, आणि एक गाळला की त्याच्या डावीकडच्याला सहसा हात लावू नये. ‘मित्र’, ‘शब्द’, ‘पुण्य’ यांसारख्या जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांत मात्र शेवटचा ‘अ’ थोडासा ऐकू येतो. आता ‘आठवणी’ हे अनेकवचन घ्या. नियमाने ‘आठव्णी’ व्हायला हवे. आपण ‘आठ्वणी’ म्हणतो, कारण ‘आठवण’ हे मूळ नाम त्याच्या आत शाबूत असते. म्हणजे हा ‘अ’ शेजारचे ध्वनी ओळखतो, तसाच शब्द कशाचा बनलेला आहे हेही ओळखतो.

त्याचे आणखी चांगले उदाहरण उपसर्गांत सापडते. ‘अजगर’ आपण ‘अज्गर्’ म्हणतो, पण ‘अजरामर’ला ‘अज्रामर्’ म्हणत नाही, कारण ‘अ’ हा नकार आणि ‘जरा’ हा शब्द यांच्यामधली शिवण आपल्या कानाला जाणवते. ‘असमान’ या शब्दातला ‘स’चा ‘अ’ गाळला तर ‘अस्मान’ होईल, म्हणजे आकाश. असे बारकावे ज्या स्वरात भरलेले आहेत त्या स्वराबद्दल आपली पाठ्यपुस्तके मुलाला सांगतात ते एवढेच की ‘अ’ अननसाचा. मला हे खटकते. बाराखडीत प्रत्येक स्वराला काना, मात्रा, वेलांटी, उकार अशी दिसणारी खूण आहे. ‘अ’ला खूणच नाही. तो आहे तेव्हा आणि नाही तेव्हा, अक्षर दिसायला सारखेच असते. ज्या गोष्टीला खूण नाही ती तोंडी समजावून सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येते, आणि नेमकी हीच गोष्ट सांगितली जात नाही.

याचा फायदा केवळ परभाषक मुलांना होईल असे समजू नये. मराठी घरातल्या मुलाला ज्या शुद्धलेखनाची धास्ती वाटते, त्याची किल्ली इथेच आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले नियम, ज्यांत १९७२ मध्ये भर पडली, त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचे दोन नियम वेगवेगळे दिसतात. एक म्हणतो, शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहावेत: कवी, गुरू, पाटी, लाडू. दुसरा म्हणतो, मराठी अकारान्त शब्दांचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत: फूल, मूल, गरीब, वकील. मुले हे दोन्ही घोकतात आणि परीक्षेत दोन्ही विसरतात. पण ‘फूल’मधला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही हे एकदा मान्य केले, की ‘फूल’ आणि ‘लाडू’ यांत फरक उरत नाही. दोन्हींत उच्चाराच्या दृष्टीने शेवटचा स्वर ‘ऊ’च आहे आणि मराठी बोलणारा माणूस शब्दातला शेवटचा इकार-उकार लांबवतो. ‘फुलाला’ म्हटले की शेवटची जागा ‘आ’ने घेतली, म्हणून ‘फु’ ऱ्हस्व झाला. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ त्याच कारणाने. दोन नियमांचा एक नियम होतो, आणि तोही मुलाला आपल्याच तोंडून ऐकून पडताळता येतो. ‘गुण’, ‘विष’ यांसारख्या तत्सम शब्दांना दिलेली सवलत वेगळी सांगावी लागेल हे खरे, पण अपवाद समजण्यासाठी आधी नियम समजलेला असावा लागतो.

लेखनाला ‘अ’ची खूण हवी आहे हे मराठी लोकांनी आपापल्या परीने ओळखलेलेही आहे. ‘असे केले’ हे बोलताना ‘असं केलं’ होते. इथे शेवटचा ‘अ’ ठासून उच्चारायचा असतो, पण नुसते ‘अस केल’ लिहिले तर वाचणारा सवयीने तो गाळणार. म्हणून डोक्यावर टिंब आले. मुळात ते नासिक्याची खूण होते. आज बहुतेकांच्या बोलण्यात तिथे नाकातला उच्चार उरलेला नाही, आणि टिंबाचे काम ‘इथला अ गाळू नका’ एवढेच सांगण्याचे आहे. ‘घर’ आणि ‘घरं’, ‘बर’ आणि ‘बरं’ यांतला फरक ते टिंब दाखवते. शुद्धलेखनाच्या नियमांनी ही रूपे संभाषणात चालवून घेतली आणि इतरत्र ‘असे केले’ लिहायला सांगितले. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. मात्र सामान्य माणसाने गरज ओळखून जुन्या खुणेला नवे काम दिले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आता शाळेकडे वळू. २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण सक्ती केली की शिकवण्याची जबाबदारीही वाढते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबई-पुण्यात तमिळ, बंगाली, ओडिया घरांतली मुले वर्गात बसतात. अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांत अशी मुले येतात की ज्यांच्या कानावर घरी मराठीपेक्षा इंग्रजी जास्त पडते. यांतले तेलुगू मूल ‘कागदावर’ हा शब्द प्रत्येक अक्षराचा ‘अ’ म्हणत, प्रामाणिकपणे, जसा लिहिला आहे तसा वाचते. आपण त्याला शिकवलेल्या तत्त्वाप्रमाणे त्याचे वाचन अचूक असते. तरीही वर्गात हसू पिकते, शिक्षक ‘असे नाही म्हणायचे’ एवढे सांगून पुढे जातात, आणि का नाही म्हणायचे हे त्या मुलाला कधीच कळत नाही. चूक त्याची नसते. त्याला अर्धा नियम सांगितलेला असतो.

या सूचनेवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ‘अ’ गाळणे ही बोलण्यातली ढिलाई आहे, शाळेने शुद्ध, पूर्ण उच्चारच शिकवावा, असे काही जाणती माणसे म्हणतात. त्यांच्या मनात पठण आणि काव्य असते, आणि तिथे त्यांचे बरोबर आहे. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ भुजंगप्रयातात आहे. तिच्यात ‘गणाधीश’मधला शेवटचा ‘श’ लघू अक्षर म्हणून मोजलेला आहे, ‘ईश’मधलाही. ते ‘गणाधीश्’ आणि ‘ईश्’ असे तोडून म्हटले की वृत्त मोडते. फ्रेंच अभिजात काव्यातही बोलण्यात गळणारा तो दुबळा स्वर व्यंजनापूर्वी मोजला जातो. पण यावरून निष्कर्ष उलटा निघतो. गद्यात गळणारा ‘अ’ वृत्तात परत येतो हे मुलाला कळायचे असेल, तर तो गद्यात गळतो हे आधी कळले पाहिजे. आज मुले हे श्लोक पाठ म्हणतात, चालीच्या जोरावर ‘अ’ आपोआप उच्चारतात, आणि आपण काय केले हे त्यांना कोणी दाखवत नाही. एकाच वर्गात गद्य आणि श्लोक शेजारी ठेवून हा फरक दाखवता येईल, आणि त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

‘ढिलाई’ या शब्दात एक अन्यायही लपलेला आहे. खेड्यातला माणूस ‘जन्म’ला ‘जनम’ आणि ‘धर्म’ला ‘धरम’ म्हणतो, तेव्हा तो जोडाक्षराच्या मध्ये ‘अ’ घालतो. प्राचीन ध्वनिशास्त्राने या प्रकाराला स्वरभक्ती असे सुंदर नाव दिले आहे. आपण मात्र त्याला अशुद्ध म्हणतो. शहरातला सुशिक्षित माणूस ‘सरकार’ला ‘सर्कार’ म्हणतो, म्हणजे लिहिलेला ‘अ’ गाळतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वर तोच, लेखनापासून फारकतही तशीच. एकाला हिणवायचे आणि दुसऱ्याला प्रमाण म्हणायचे, हे शास्त्र नव्हे. प्रमाण उच्चार असू नये असे मी म्हणत नाही. तो संकेत आहे हे शिक्षकाने स्वतः समजून घेतले, तर तो बोलीतून आलेल्या मुलाला अपमानित न करता शिकवू शकेल.

हे करायला मोठा खर्च लागत नाही. तिसरी-चौथीच्या पुस्तकात आठ-दहा शब्दांच्या जोड्या द्याव्यात, मुलांनी त्या मोठ्याने म्हणाव्यात, कोणता ‘अ’ ऐकू आला नाही त्याखाली पेन्सिलने खूण करावी. सुरुवातीच्या वाचनपाठांत, जिथे मूल शब्द प्रथमच पाहते आहे, तिथे न उच्चारायचे अक्षर फिक्या शाईत छापता येईल. पुढच्या इयत्तेत ती मदत काढून घ्यावी. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात या विषयाला एक स्वतंत्र घटक मिळावा, कारण स्वतःच्या उच्चाराकडे लक्ष देण्याची सवय शिक्षकाला नसेल तर पुस्तकातल्या जोड्या निरुपयोगी ठरतील.

आणि कोशांचे काम सर्वांत तातडीचे आहे. आज मजकूर वाचून दाखवणारी यंत्रे दृष्टिहीन वाचकांच्या रोजच्या वापरात आहेत. असे यंत्र ‘अ’ गाळण्याचे साधे नियम पाळू शकते, पण ‘असमान’मधली शिवण किंवा ‘आठवणी’मधले मूळ नाम त्याला आपोआप दिसत नाही, त्याला उच्चारासह दिलेली शब्दांची यादी लागते. तशी यादी पुढच्या पिढीच्या शिक्षकाला, परभाषक विद्यार्थ्याला आणि वृत्तनिवेदकालाही लागते. मराठी शब्दकोशात अर्थ, लिंग, व्युत्पत्ती मिळते, उच्चार सहसा मिळत नाही, कारण लेखन हाच उच्चार असे आपण मानून चाललो आहोत. शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या पुढच्या कोशात प्रत्येक नोंदीपुढे उच्चार असावा, सामान्यरूपाचाही असावा: ‘कागद’, आणि त्यापुढे ‘काग्दा-’. ही मागणी मराठीच्या वाचकांनी आणि शिक्षकांनी आताच करायला हवी, कारण एकदा कोश छापून झाला की पुढची आवृत्ती निघायला अनेक वर्षे जातात.